मुलीला शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजला पाठवावं का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की जळगाव जामोदकडच्या खेड्यातून मुलीला शेगावला इंजिनिअरिंगला घालावं का, तिथं सोयी कशा आहेत आणि पुढं नोकरीचं कॉलेज किती बघतं. मी तिथूनच इलेक्ट्रिकल केलं आणि घरी शेतीच आहे, म्हणून मनापासून सांगतो.

श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ चं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली, त्या काळातलं. त्याआधी आपल्याकडच्या पोरांना अमरावती नाहीतर नागपूरच्या सरकारी कॉलेजात नंबर लागला तरच वाट होती. शेगावात गजानन महाराज संस्थानाचे विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटलांनी पुढाकार घेतला. संस्थानाच्या मंदिरात जी शिस्त दिसते, तिचीच सवय कॉलेजच्या आवारातही आहे. कॉलेज अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहे आणि मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरच शेगाव स्टेशन आहे. मुलाखतीला पुण्याला जायची वेळ आली की स्टेशन जवळ असण्याचा किती आधार असतो, ते तेव्हाच कळतं.

अप-डाऊन मात्र करायला लावू नका. एसटीत रोजचे तासन् तास जातात आणि संध्याकाळी मित्रमैत्रिणींत बसून जे शिकणं होतं ते हातचं जातं. मुलींचं वसतिगृह आवारातच आहे, तिथंच ठेवा.

नोकरीच्या तयारीबद्दल बोलायचं तर माझी खरी अडचण इंग्रजीची होती. सराव मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. एका सरांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "आधी मराठीत सांग, घरी काय काम करतोस?" मी विहिरीवरच्या मोटरचं सांगितलं. रात्रीची थ्री-फेज लाईन, मध्येच एक फेज जायचा, मोटर नुसती गुणगुणायची, उरलेल्या दोन फेजांवर जास्त करंट ओढून आतलं तारेचं वायंडिंग जळायचं. रिवायंडिंगच्या दुकानात बाबांसोबत मी तास-तास बसलेलो. सर म्हणाले, "हेच इंग्रजीत लिहून आण." पुढं कंपनीच्या मुलाखतीत मी तेच बोललो आणि त्यावरच पुढचे सगळे प्रश्न आले.

तरी कुठल्याही कॉलेजच्या प्लेसमेंटच्या आकड्याला भुलू नका. माझा एक मित्र दुसऱ्या एका कॉलेजात होता. त्याला ऑफर लेटर मिळालं, यादीत नाव छापून आलं, पण जॉइनिंग शेवटपर्यंत आलं नाही. म्हणून कुठंही गेलात तरी शाखेनुसार विचारा: किती पोरं बसली, किती प्रत्यक्ष रुजू झाली, पगार किती? एकाच पोराला दोन ऑफर असतील तर ती दोनदा मोजलीय का, हेही विचारा. मागच्या वर्षी पास झालेल्या दोन-तीन मुलींचे नंबर मिळाले तर त्यांच्याशी तुमच्या मुलीलाच बोलू द्या.

पैशांचं म्हणाल तर २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं, मात्र प्रवेश कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. मेस आणि वसतिगृहाचा खर्च त्यात येत नाही, तो वेगळा धरा. उत्पन्नाचा दाखला आणि ओबीसी असाल तर नॉन-क्रिमीलेअर आत्ताच काढून ठेवा. निकाल लागला की सेतू केंद्रावर उभं राहायला जागा नसते.