पालेभाजी धुऊन घेतली तरी कच्च्या सॅलडमधून इन्फेक्शन कसं होतं?
धुतल्याने माती आणि थोडेफार जंतू जातात, सगळे नाही, कारण ई. कोलाय नावाचा जंतू (बॅक्टेरिया) पानाच्या बारीक छिद्रांत आणि चिरलेल्या कडांना चिकटून बसतो, तिथे पाणी पोचतच नाही. मूळ घाण बहुतेक वेळा शेतातच लागते, गुरांच्या शेणातून पाण्यात आणि पाण्यातून पानांवर. अमेरिकेत २०१८ मध्ये युमा भागातल्या रोमेन लेट्यूसमुळे (सॅलडमध्ये कच्ची खातात ती पालेभाजी) २१० जण आजारी पडले, ५ जण गेले, आणि तोच जंतू तिथल्या कालव्याच्या पाण्यात सापडला. नीट शिजवलं की मरतो, पण सॅलड आपण कच्चंच खातो ना. घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर मी म्हणेन पालेभाजी कच्ची देऊच नका. आणि जुलाबात रक्त दिसलं तर मनानेच गोळ्या घेऊ नका प्लीज, किडनीवर जाऊ शकतं, लगेच डॉक्टरकडे जा.