घोडी नसली तरी चालेल, आधार मात्र हवा

वाचकांचे प्रश्न : हातातले सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेची करवत)

प्रश्न : माझ्याकडे सुतारी घोड्या (फळी टेकवायचे लाकडी स्टँड) नाहीत. दोन प्लॅस्टिकच्या स्टुलांवर फळी आडवी टाकतो आणि मधोमध कापतो. अर्ध्याच्या पुढे गेलो की मशीन घुसमटते. एकदा तर झटक्याने मागे अंगावर आले. पाते नवीन आहे. चुकते कुठे?

पात्याचा दोष नाही, स्टुलांच्या जागेचा आहे. दोन टोकांना टेकलेली फळी मध्ये कापत गेलात की न कापलेले लाकूड कमी कमी होते आणि फळी तिथेच खाली वाकते. वाकली की कापलेल्या खाचेच्या वरच्या कडा एकमेकींकडे येतात आणि पाते चिमटीत सापडते. सर्क्युलर सॉचे पाते समोरच्या बाजूने खालून वर येते, म्हणजे सर्वांत खालचे दात लाकडाला पुढे ढकलत असतात. पाते अडकल्यावर जड फळी पुढे जात नाही, मग हलके असलेले मशीनच मागे उसळते. यालाच किकबॅक म्हणतात. १८५ मिमी व्यासाचे पाते मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल तर दातांचा वेग ताशी साधारण १७५ किमी भरतो. ‘घट्ट धरले की झाले’ हा भरवसा म्हणूनच कामाचा नाही. हाताला कळेपर्यंत झटका बसून गेलेला असतो.

काप दोन आधारांच्या मध्ये घेऊ नका, बाहेर घ्या. दोन्ही आधार ठेवायच्या तुकड्याखाली असू द्या आणि कापाची रेषा शेवटच्या आधाराच्या ५ ते १० सेंमी बाहेर आणा. सुटणारा तुकडा स्वतःच्या वजनाने खाली झुकतो, त्यामुळे खाच मिटण्याऐवजी उघडते. हे जमते ते सुटणारा तुकडा लहान असेल तेव्हाच. तो अर्ध्या मीटरहून लांब असेल तर काप पुरा होण्याआधीच मोडतो आणि जाताना फळीच्या कडेची लांब ढलपी सोबत नेतो. अशा वेळी एकाच उंचीचे चार आधार घ्या, प्रत्येक तुकड्याखाली दोन. त्यांतले आतले दोघे रेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण हातभर अंतरात असावेत. मग काप संपल्यावर दोन्ही तुकडे जागच्या जागी पडून राहतात.

प्लॅस्टिकची स्टुले या कामाला नकोतच. ती हलकी असतात, सरकतात आणि दाबाखाली पाय फाकवतात. जड लाकडी बाक, भक्कम टेबलाची कड किंवा एकावर एक रचलेले लाकडी ठोकळे त्यापेक्षा बरे. ठेवायचा तुकडा दोन क्लॅम्पनी आधाराला आवळा. क्लॅम्पचा दांडा खालच्या बाजूला लोंबतो, तो पात्याच्या किंवा मोटरच्या वाटेत येत नाही ना, हे मशीन बंद ठेवून एकदा रेषेवरून सरकवून बघा.

मशीन घुसमटले की ते मागे ओढू नका. फिरते पाते खाचेत मागे ओढणे म्हणजे किकबॅकला आमंत्रण. बटण सोडा, मशीन आहे तिथेच दाबून धरा, पाते पूर्ण थांबू द्या, मग बाहेर काढा. पुढचा काप सुरू करण्याआधी खाचेत लाकडाची पातळ पाचर ठोका. पाते खाचेत ठेवून पुन्हा चालू करायचे असेल तर एकही दात लाकडाला टेकलेला नको. ओल्या किंवा पिळलेल्या लाकडात आधार अगदी बरोबर असला तरी खाच मिटू शकते, तेव्हा पाचर जवळ असू द्या. काही मशीनना पात्यामागे पोलादी फाळ असतो, तो हेच काम करतो. असल्यास काढू नका. त्याची कड दातांपासून ५ मिमीच्या आत बसवा.

शेवटचे, उभे कुठे राहायचे. थेट पात्याच्या मागे नको. पाते मोटरच्या उजवीकडे असेल तर शरीर रेषेच्या डावीकडे ठेवा.

प्रश्न : ८ बाय ४ फुटांचा प्लाय जमिनीवर ठेवूनच कापावा लागतो. फरशी खराब न होता कसा कापू?

जमीन खरे तर मोठ्या शीटसाठी उत्तम. शीट कुठे झोल खात नाही आणि गुडघे टेकून तिच्यावर बसताही येते, अर्थात ठेवायच्या बाजूला. दोन पद्धती आहेत. पहिली, ५० मिमी जाडीचा कठीण फोमचा तक्ता शीटखाली पसरायचा. साधे थर्मोकोल चालते, पण त्याचे पांढरे दाणे नंतर कपड्यांना आठवडाभर चिकटलेले सापडतात. दुसरी, ५० बाय ५० मिमीच्या चार-पाच पट्ट्या ४० ते ५० सेंमी अंतराने मांडायच्या. त्या कापाच्या रेषेला काटकोनात हव्यात आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना पुरेशा लांब हव्यात. त्यांत खिळे नाहीत ना, हे आधी बघून घ्या.

आता पात्याची खोली. पाते प्लायच्या खाली ३ ते ५ मिमी उतरले पाहिजे, जास्त नको. १८ मिमीच्या प्लायला २२ मिमी पुरते. पट्ट्यांवर फक्त चरा उमटेल आणि फरशी दोन बोटे लांब राहील. पूर्ण खोलीवर ठेवून कापण्याची सवय अनेकांना असते, ती सोडाच. पाते जितके जास्त बुडते तितका चिमटीत सापडणारा भाग मोठा होतो आणि खाली उघडे राहणारे दातही वाढतात.

चांगली बाजू खाली ठेवा. दात वर येताना बाहेर पडतात, म्हणून ढलप्या वरच्या बाजूला उडतात. वरचीही कड स्वच्छ हवी असेल तर रेषेवर मास्किंग टेप चिकटवा आणि ४० किंवा ६० दातांचे पाते वापरा. २४ दातांचे पाते जाड लाकूड उभे चिरायला चांगले, प्लायची कड मात्र ते फाडते.

सरळ कापासाठी बेसप्लेटला (मशीनचा लाकडावर सरकणारा सपाट तळ) टेकायला मार्गदर्शक पट्टी लागतेच. ती एकदाच करून ठेवा. ६ मिमी प्लायच्या रुंद पट्टीवर एक अगदी सरळ पट्टी चिकटवा आणि तिला बेसप्लेट घासत न्या, म्हणजे बाहेर उरलेला प्लाय त्याच मशीनने कापला जाईल. उरलेली कड म्हणजे तुमच्या पात्याची नेमकी रेषा. पुढे ती कड खुणेवर ठेवायची, दोन्ही टोकांना क्लॅम्प लावायचे आणि कापायचे. मोजमाप करायचेच नाही. मात्र खोली ठरवताना हे ६ मिमी मिळवा, आणि कड ठेवायच्या तुकड्यावर आली पाहिजे. पाते बदलले की ही पट्टी नव्याने करावी लागते, कारण दातांची जाडी बदलते.

जाडीवरून आणखी एक. १२२० मिमी रुंदीतून ४०६ च्या तीन पट्ट्या निघतील असा हिशेब करणारे फसतात. २.४ मिमीचे पाते दोन कापांत ४.८ मिमीचा भुसा करते, म्हणून तिसरी पट्टी ४०३.२ मिमीचीच उरते.

प्रश्न : छोटे तुकडे पायाखाली दाबून किंवा मांडीवर धरून कापले तर चालतात का?

नाही. फळी बुटाच्या टोकावर तिरकी टेकवून कापणारे दिसतात, पण पाते फळीच्या खाली किती उतरले आहे हे त्यांना दिसत नसते आणि पाय नेमका तिथेच असतो. लहान तुकडा हवा असेल तर लांब फळीतून कापा, म्हणजे क्लॅम्प लावायला जागा राहते. ३० सेंमीहून लहान तुकड्यावरून सर्क्युलर सॉ चालवण्यापेक्षा हातकरवत घ्या, काम लवकरही होते.

प्रश्न : खालचा गार्ड (पात्यावरचे आपोआप मिटणारे झाकण) तिरक्या कापात अडकतो. पाचर लावून उघडा ठेवला तर?

तो सगळ्यांत महागात पडणारा सोपा उपाय आहे. बटण सोडल्यावरही पाते काही सेकंद फिरत राहते आणि त्या काळात मशीन मांडीजवळ किंवा जमिनीवर येते. गार्ड तेव्हासाठीच असतो. अडकण्याचे कारण बहुतेकदा भुसा आणि लाकडाचा चीक. प्लग काढा, गार्डच्या सांध्यातला भुसा ब्रशने झाडा, चीक पुसा. मग गार्ड हाताने पूर्ण उघडून सोडा. तो स्प्रिंगने झटकन मिटला पाहिजे. हळू मिटत असेल तर स्प्रिंग ढिली झाली आहे किंवा गार्ड वाकला आहे, तो दुरुस्त होईपर्यंत मशीन बाजूला. तिरक्या कापात किंवा कडेची बारीक चिरफळी काढताना तो सुरुवातीलाच अडतो. तेवढ्यापुरता तो त्याच्या दांडीने वर उचलायचा, पाते लाकडात शिरताच दांडी सोडून हात पुन्हा मुठीवर. दोन्ही हात मुठींवर असले की त्यांतला एकही पात्याजवळ जात नाही.

प्रश्न : अँगल ग्राइंडरला किंवा मार्बल कटरला लाकडाचे दातेरी पाते लावून काम भागते का?

भागल्यासारखे वाटते. ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो, मार्बल कटर त्याहूनही जास्त. पात्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी असेल तर दातांचे टोक उडू शकते. ग्राइंडरचा गार्ड अर्धाच असतो, मार्बल कटरचाही स्थिर, आपोआप मिटणारा नाही. ग्राइंडरला लाकडात सरळ ठेवणारी बेसप्लेटही नसते, त्यामुळे पाते जरा तिरके झाले की चिमटा बसतो. आमचे मत स्पष्ट आहे : ग्राइंडरवर दातेरी पाते नको, आणि मार्बल कटर दगडासाठीच ठेवा.

प्रश्न : पात्याचा बोल्ट कोणत्या दिशेने सुटतो? दरवेळी उलटाच आवळला जातो.

पाते ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने पाना फिरवा, सुटेल. लाकडाचा विरोध बोल्ट आवळत राहावा म्हणून आटे तसे पाडलेले असतात. आधी प्लग काढा (बॅटरीचे मशीन असेल तर बॅटरी), मग स्पिंडल लॉक (पात्याचा आस फिरू न देणारे बटण) दाबा. नवे पाते लावताना त्यावरचा बाण गार्डवरच्या बाणाशी जुळला पाहिजे.

प्रश्न : डोळे, कान, हातमोजे यांपैकी काय खरोखर लागते?

बाजूनेही बंद असलेला चष्मा, नेहमी. कानांसाठी मफ किंवा प्लग, कारण या मशीनचा आवाज सहज १०० डेसिबलच्या आसपास जातो आणि अमेरिकेतल्या निऑश या कामगार आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे तेवढ्या आवाजात दिवसाला १५ मिनिटेच राहावे. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक गटात धरलेली आहे, म्हणून घट्ट बसणारा मास्क हवा, नाकावरचा रुमाल नव्हे. ढगळ हातमोजे, लोंबती बाही, गळ्यातली ओढणी यांतले काहीही चालू मशीनजवळ नको. वायर मागे खांद्यावरून घ्या म्हणजे ती पात्यासमोर येत नाही, आणि एक्स्टेंशनची वायर गुंडाळीवर असेल तर पूर्ण उलगडा, नाहीतर ती तापते.