मला रेखाटन येत नाही, मग नगरनियोजन जमेल का?

शाश्वत नगरनियोजन आणि संकल्पन (डिझाइन) या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणारी अनेक मुले-मुली माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात. त्यांतील एका मुलीचा अनुभव तिच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

ती स्थापत्य अभियंता. शिक्षणानंतर दोन वर्षे घोडबंदर रस्त्यावरील एका गृहसंकुलाच्या बांधकामावर देखरेखीचे काम करीत होती आणि राहायला कोपरखैरण्याच्या जवळच्या एका गावठाणात होती. पहिल्या भेटीत तिने विचारले, "मॅडम, वर्गात सगळे वास्तुविशारद असतील, त्यांचा हात सफाईदार असेल, माझ्याकडे दाखवण्याजोगे एकही चित्र नाही. मी तिथे टिकेन का?"

मी तिला आधी आवश्यक ती माहिती दिली. नियोजन आणि नागरी संकल्पन हे शब्द जाहिरातींत जोडीने येत असले तरी त्यांचे दरवाजे वेगळे आहेत. नागरी संकल्पनाच्या एम.आर्क. या वास्तुशास्त्रातील पदव्युत्तर पदवीसाठी सहसा वास्तुशास्त्राची पदवी लागते. नियोजनाच्या दोन वर्षांच्या एम.प्लॅन. या पदव्युत्तर पदवीला मात्र स्थापत्य अभियंते चालतात, आणि दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरसारख्या संस्थेत भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्राचे पदव्युत्तर पदवीधरही याच शाखेत शिकत आले आहेत. गेट या प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग या प्रश्नपत्रिकेत सामाईक भागानंतर नियोजनाचा स्वतंत्र भाग निवडता येतो. तिने सारे टिपून घेतले, परंतु चेहऱ्यावरचा ताण तसाच राहिला. केवळ माहितीने सुटणारी ही चिंता नाही, हे मला तेव्हाच ओळखता यायला हवे होते.

दुसऱ्या भेटीत खरी गोष्ट बाहेर आली. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० साली सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि पुढे ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. तिच्या घरची भातशेतीही त्यांतच गेली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याच्या योजनेतील आपल्या भूखंडासाठी वडिलांनी कित्येक वर्षे हेलपाटे घातले होते. मुलीचा बेत ऐकून ते एवढेच म्हणाले होते, "ज्यांनी आपली जमीन कागदावर आखली, त्यांच्यातच जाऊन बसणार का?" रेखाटनाची भीती खोटी नव्हती, पण तिच्या आडोशाला हा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर देण्याचा अधिकार माझा नव्हता.

म्हणून मी तिला एक काम दिले. पावसाळा सुरू झाला होता. घराजवळच्या धारण तलावावर महिनाभर, निदान दर रविवारी, भरतीच्या वेळी जाऊन जे दिसेल ते लिहून आणायचे, चित्र काढायचे नाही. नवी मुंबईचा बराच भाग सखल आहे. भरतीच्या वेळी जोरदार पाऊस झाला तर पाणी खाडीत उतरू शकत नाही. ते काही तास या तलावांत थांबते, समुद्राकडच्या झडपा भरतीला मिटतात आणि ओहोटीला उघडतात. ही रचना तिला पुस्तकातून ठाऊक होती, पण तिच्यापाशी उभे राहून तिने कधी पाहिले नव्हते.

महिन्याने ती वही घेऊन आली. तलाव गाळाने उथळ झाला होता आणि त्या गाळात तिवरे, म्हणजे खाडीकाठची खारफुटी, दाट माजली होती. गाळ काढावा तर तिवरे जातात, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००५ सालीच त्यांच्या तोडीवर बंदी घातलेली. गाळ तसाच ठेवावा तर पाण्याला जागा उरत नाही. एका बाजूला तळमजल्यावरची कुटुंबे, दुसऱ्या बाजूला खाडीचे कांदळवन आणि त्यावर जगणारी मासळी. यांपैकी कोणाचीही मागणी खोटी नाही, असे तिने स्वतःच्या शब्दांत लिहिले होते. त्याखाली आजोबांचे म्हणणे होते. त्यांना तिने झडपांविषयी सांगितले, तेव्हा ते म्हणाले होते, "ही तर आपली उघाडी." खाडीलगतच्या भातखाचरांना बांध घालून त्यात ठेवलेली उघाडी नेमके हेच करीत असे, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिच्याकडे अधिक लक्ष ठेवावे लागते, हे त्यांना वेळापत्रकाशिवाय माहीत होते.

नगरनियोजनाच्या स्टुडिओत, म्हणजे प्रकल्पाच्या वर्गात, मुख्यतः हेच काम असते, असे मी तिला सांगितले: पाहणी, मोजणी, लोकांशी बोलणे, जमिनीच्या एकाच तुकड्यावर एकमेकांना छेद देणारे रास्त हक्क नीट मांडणे, आणि मग निवड करून तिची कारणे देणे. नकाशे लागतात, पण ते बहुतांशी संगणकावर तयार होतात. क्यूजीआयएस ही नकाशे तयार करण्याची संगणक प्रणाली विनामूल्य आहे आणि प्रवेशापूर्वीच शिकता येते. अभ्यासक्रमाच्या नावात 'शाश्वत' आहे म्हणून भुलू नये. पावसाचे पाणी, सार्वजनिक वाहतूक, परवडणारी घरे आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यांसारखे कायदे प्रत्यक्ष किती सत्रे शिकवतात, ते विषयसूचीत पाहावे. नोकरीविषयीही मी काही लपवले नाही. विकास आराखडे करणाऱ्या सल्लागार संस्था, महानगर प्राधिकरणे, वाहतुकीचा अभ्यास अशी कामे मिळतात, पण सुरुवातीचा पगार बांधकामावरच्या पगाराहून मोठा असेलच असे नाही. सरकारी पद हवे असेल, तर प्रत्येक जाहिरातीतील पदवीची अट आधी वाचावी. कर्ज काढायचे असेल, तर हा हिशेब घरात सर्वांसमोर करावा.

शेवटच्या भेटीला वडील सोबत आले. बराच वेळ ते शांत बसून होते. मग त्यांनी मला विचारले, "तिथे सातबारा वाचायला शिकवतात का?" जमिनीचे कायदे शिकवतात, पण सातबाऱ्यातील एकेका नोंदीमागे काय घडले होते ते तिला तुमच्याकडूनच शिकावे लागेल, असे मी म्हणाले. त्या रविवारी त्यांनी कपाटातील जुनी कागदपत्रे बाहेर काढल्याचे तिने मला कळवले. अर्जासोबतच्या निवेदनाचा पहिला परिच्छेद तिने उघाडीवर लिहिला आहे.