ॲनोरेक्सियाला ‘क्षुधानाश’ म्हणावे का?

कर्वेनगरमधील एका वाचक भगिनींचा प्रश्न आला आहे. त्यांच्या सासऱ्यांना मूत्रपिंडाचा जुना विकार असून त्यांच्या केसपेपरवर तक्रारींमध्ये ‘ॲनोरेक्सिया’ असे लिहिलेले आहे. शिक्षणासाठी त्यांच्याकडेच राहणाऱ्या, अकरावीतल्या भाच्याच्या कागदावर निदान म्हणून ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ लिहिले आहे. शब्दकोशात त्यांना ‘क्षुधानाश, अरुची’ असे अर्थ मिळाले. त्या विचारतात की दोघांना एकच आजार आहे का, महाविद्यालयाला द्यायच्या मराठी अर्जात मुलाच्या आजाराला काय म्हणावे, आणि ‘हा तर मुलींचा आजार, याला कसा झाला?’ असे विचारणाऱ्या नातेवाइकांना काय सांगावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: आजार एकच नाही. सासऱ्यांच्या कागदावरचा शब्द हे एक लक्षण आहे. मूत्रपिंडाचे विकार, कावीळ, क्षयरोग, कर्करोग, काही औषधे अशा अनेक कारणांनी माणसाची भूक जाते आणि त्याची डॉक्टर ‘ॲनोरेक्सिया’ अशी एका शब्दात नोंद करतात. तेथे ‘क्षुधानाश’ किंवा ‘भूक न लागणे’ हा प्रतिशब्द अगदी योग्य आहे. भाच्याच्या कागदावर मात्र ‘नर्व्होसा’ (म्हणजे मज्जासंस्थेशी संबंधित) हे विशेषण जोडलेले आहे, आणि त्या विशेषणाने अर्थ मुळापासून बदलतो. हा स्वतःहून खाणे तोडत जाण्याचा स्वतंत्र मानसिक आजार आहे, आणि त्यात भूक नाहीशी झालेली असेलच असे मुळीच नाही.

‘ॲनोरेक्सिया’ शब्दाची घडण ग्रीक आहे. ‘ओरेक्सिस’ म्हणजे इच्छा, भूक, आणि ‘अन्’ हा आपल्या ‘अनिच्छा’मधल्यासारखाच नकारदर्शक उपसर्ग. लंडनचे वैद्य विल्यम गल यांनी १८७३ मध्ये वाचलेल्या निबंधात ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव वापरले, आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी अशाच रुग्णांचे वर्णन ‘हिस्टेरिक ॲनोरेक्सिया’ या अर्थाच्या फ्रेंच नावाने प्रसिद्ध केले. दोघांनाही रुग्ण खात नाहीत हे दिसत होते आणि त्यावरून भूक नसावी असे नाव पडले. पुढे वैद्यकाचे ज्ञान वाढले, पण नाव तसेच राहिले. त्या नावाचे आपण शब्दशः मराठीकरण करतो तेव्हा १८७३ सालचा अपुरा समजही सोबत घेतो, आणि घरातली माणसे ‘भूकच लागत नाही तर टॉनिक द्या’ या वाटेने जातात.

आयुर्वेदाच्या परंपरेत याबाबत अधिक बारकाई दिसते. माधवनिदान या रोगनिदानाच्या ग्रंथात अरोचकाला, म्हणजे अरुचीला, स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात शोक, भय, क्रोध यांसारख्या मानसिक कारणांनी होणारा अरोचकही मोजला आहे. टीकाकार आणखी भेद करतात: घास तोंडात घेतल्यावर चव लागत नाही तो अरोचक, अन्नाचा विचार आला, ते दिसले किंवा त्याचे नाव ऐकले तरी तिटकारा येतो तो भक्तद्वेष, आणि अन्नावर श्रद्धाच उरत नाही तो अभक्तच्छंद. (येथे ‘भक्त’ म्हणजे शिजवलेले अन्न, ज्यापासून आपला ‘भात’ आला.) हे तिन्ही शब्द सुंदर आहेत. तरीही भाच्याच्या आजाराला यांतला एकही तंतोतंत लागू पडत नाही, कारण या आजारात अन्नाचा विचार दिवसभर मनातून हलत नाही.

रोजच्या मराठीत मात्र हवा तो भेद तयार आहे. ‘भूक मरणे’ आणि ‘भूक मारणे’ यांत एका कान्याचे अंतर आहे. सासऱ्यांची भूक मेली आहे. भाचा भूक मारतो आहे. पहिल्या क्रियेला कर्ता लागत नाही. दुसरीला लागतो, आणि ती क्रिया रोज, प्रत्येक जेवणाला नव्याने करावी लागते. ‘मारतो’ म्हटल्याने दोष मुलाचा ठरतो, असे कोणी म्हणेल, आणि ही शंका मला महत्त्वाची वाटते. कर्ता असणे आणि मोकळेपणी निवड करता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हात पुन्हा पुन्हा धुणाऱ्या रुग्णाचे हात तोच धूत असतो, पण थांबणे त्याच्या हातात नसते.

आपल्या पुणेरी घरांतून हे कसे दिसते ते थोडे जवळून पाहू. मूल पानावर बसते, पण पोळीचे नखाएवढे तुकडे करते आणि भाजीतल्या तेलाचा तवंग चमच्याने बाजूला सारत राहते. वरणभातावर तूप वाढू देत नाही. ‘मी कॉलेजात खाल्लं’ हे वाक्य रोज ऐकू येते आणि डबा अर्धा परत येतो. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार असे उपास अचानक वाढतात, आणि आपल्याकडे उपासाला कोणी हरकत घेत नसल्याने महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. सकाळी पर्वती, संध्याकाळी तळजाई, ताप असला तरी चुकवायचे नाही. आणि हेच मूल पाककृतींचे व्हिडिओ तासन्‌तास पाहते, स्वयंपाकघरात उभे राहून इतरांसाठी खपून पदार्थ करते, आग्रहाने वाढते आणि स्वतः चाखत नाही. भूक नसलेला माणूस असे करत नाही. सासऱ्यांना तर फोडणीचा वाससुद्धा नकोसा होत असेल.

उपाशी शरीरच मनाला अन्नाभोवती कसे फिरवते, याचा पुरावा अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी १९४४–४५ मध्ये केलेल्या प्रयोगातून मिळाला. युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारे ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने त्यात सहभागी झाले होते, आणि २४ आठवडे त्यांना गरजेपेक्षा बरेच कमी अन्न देण्यात आले. ते चिडचिडे व उदास झाले, एकलकोंडे झाले, त्यांची नाडी मंदावली. काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले आणि समोरचे अन्न घोळवत तासभर खाऊ लागले. यांतल्या कोणालाही ॲनोरेक्सिया नव्हता. म्हणून रुग्णाचा हेकटपणा हा पुष्कळदा उपासमारीचाच परिणाम असतो, आणि पोटात अन्न जाऊ लागल्याशिवाय समजुतीच्या गोष्टी मनात उतरत नाहीत.

कारण विचारले तर एक बोट दाखवता येत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दिसते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात या आजाराशी निगडित आठ जनुकस्थाने सापडली आणि त्याचा संबंध मनोविकारांबरोबर चयापचयाशीही असल्याचे दिसले. स्वभाव अतिशय काटेकोर, चूक सहन न होणारा, चिंता करणारा असेल तर धोका वाढतो. अशा मुलाच्या वाट्याला पौगंडावस्थेत एखादे निमित्त येते: जाडेपणावरून चिडवणे, मैत्रिणींबरोबर सुरू केलेले डाएट, नृत्याचा वर्ग, कुस्तीच्या वजनगटात बसण्यासाठी उतरवलेले वजन, कधी साधे आजारपण. वजन घटू लागले की वर सांगितलेले उपासमारीचे चक्र सुरू होते. आईवडिलांच्या वागण्याने हा आजार होतो, ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. उलट, लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातून विकसित झालेल्या कुटुंबाधारित उपचारात मुलाला जेवू घालण्याची जबाबदारी पालकांवरच सोपवतात, आणि किशोरवयीन रुग्णांसाठी तो आज प्रमुख उपचार मानला जातो.

आता ‘मुलींचा आजार’ या समजुतीकडे वळतो, कारण तिने मुलांचे फार नुकसान केले आहे. इंग्रज वैद्य रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ मध्ये अशा खंगण्याचे वर्णन केले, त्यात दोन रुग्ण आहेत: एक १८ वर्षांची मुलगी आणि एक १६ वर्षांचा मुलगा. मुलाचा आजार त्यांनी अतिअभ्यास आणि मनाचा क्षोभ यांच्याशी जोडला होता. गल यांनी ‘नर्व्होसा’ हे विशेषण निवडले तेही विचारपूर्वक. ‘हिस्टेरिया’ हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आलेला असल्याने स्त्रियांकडे बोट दाखवतो. गल यांनी लिहिले की आजार पुरुषांतही होतो म्हणून आपण अधिक व्यापक शब्द पसंत करतो. म्हणजे भाच्याच्या कागदावरचे विशेषण मुळात पुरुष रुग्णांना वगळले जाऊ नये म्हणूनच घेतलेले होते. दुर्दैवाने पुढे अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत सलग तीन पाळ्या चुकणे ही अट आली, आणि ती २०१३ मध्ये काढून टाकेपर्यंत टिकली. जी अट पुरुषाला लागूच होत नाही, ती निदानाच्या यादीत असताना डॉक्टरांच्या मनात मुलाचे चित्र उभे राहणार कसे?

स्त्रियांमध्ये हा आजार अधिक आढळतो हे खरे आहे. मुलीची पाळी बंद होते तेव्हा घरातले तिला निदान स्त्रीरोगतज्ज्ञाकडे तरी नेतात. मुलाच्या बाबतीत पुरुष संप्रेरक घटते, लैंगिक इच्छा मावळते, दाढीमिशीची वाढ रेंगाळू शकते, पण यांतले काहीच घरात बोलले जात नाही. शिवाय मुलाचे ध्येय पुष्कळदा ‘बारीक होणे’ असे नसते. त्याला चरबी नसलेले, रेखीव स्नायूंचे शरीर हवे असते, आणि जिम व काटेकोर आहार यांचे तर कौतुकच होते. म्हणून निदान उशिरा होते. बाकी हानी दोघांची सारखीच: नाडी व रक्तदाब उतरतो, उन्हाळ्यातही थंडी वाजते, केस गळतात, अंगावर बारीक लव येते, बद्धकोष्ठता होते, हाडे ठिसूळ होतात. वाढत्या वयात हाडांत जी भर पडायची ती पडली नाही, तर नंतर पूर्ण भरून निघेलच असे नाही. रुग्ण उलट्या करत असेल किंवा जुलाबाची औषधे घेत असेल तर पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडतात. मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या मानसिक आजारांत याची गणना होते आणि त्या मृत्यूंत आत्महत्याही आहेत. रक्ताचे ‘रिपोर्ट नॉर्मल आले’ म्हणून निर्धास्त राहू नये. ते बराच काळ नॉर्मल राहू शकतात. दुसरीकडे, फार खंगलेल्या मुलाला घरी एकदम भरपूर खाऊ घालणेही घातक ठरू शकते, कारण रक्तातले फॉस्फेट अचानक उतरते. आहार वाढवायचा तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. पहिला सल्ला हवा असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या शासकीय क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

मग अर्जात काय लिहावे? ‘उपासमार’ म्हटले की अन्न मिळत नाही असा अर्थ होतो. ‘उपोषण’ला मागणी असते, ‘उपासा’ला व्रत, ‘लंघना’ला वैद्याची आज्ञा. ‘कृशतेचा ध्यास’ हा पर्याय मला काही काळ बरा वाटला, पण त्यात आजारपण दिसत नाही आणि ध्यास तर आपण ज्ञानाचाही घेतो. व्याख्येत ‘जाड होण्याची भीती’ घालावी म्हटले तर तीही प्रत्येकात नसते. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनी १९९० च्या दशकात दाखवले की अनेक रुग्ण लठ्ठपणाविषयी काहीच बोलत नाहीत; पोट फुगते, भरल्यासारखे वाटते, एवढेच सांगतात. आपल्याकडेही ‘मला जातच नाही’ हे वाक्य ओळखीचे आहे. त्यामुळे आजाराचे नाव देवनागरीत जसेच्या तसे ठेवावे आणि सोबत एकदा खुलासा करावा: ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे भूक मारत राहण्याचा गंभीर मानसिक आजार’. एकटा ‘क्षुधानाश’ लिहू नये. वर्गशिक्षकांना तो अपचनासारखा किरकोळ वाटेल.

वाक्यरचनेबाबत एक विनंती. ‘तो ॲनोरेक्सिक आहे’ असे न लिहिता ‘त्याला ॲनोरेक्सिया आहे’ असे लिहावे. मराठी आजारी माणसाला सहसा चतुर्थीतच बसवते: त्याला ताप आहे, तिला दमा आहे. आजार माणसाकडे आलेला असतो, तो त्याची ओळख बनत नाही. ‘पाप्याचं पितर’, ‘काडी’ ही विशेषणे तर घरात थट्टेनेही नकोत. आणि मुलाचे वजन वाढू लागेल तेव्हा आपली सर्वांत प्रेमळ शाबासकी, ‘तब्येत सुधारली हो!’, काही महिने आवरावी. मराठीत तिचा सरळ अर्थ ‘अंग धरलेस’ असा होतो, आणि नेमके तेच त्याला त्या वेळी सोसवत नसते. त्याऐवजी ‘आज गप्पांना बसलास, बरं वाटलं’ असे म्हणावे.