मांजरीत ब्रूनो शोधू नकोस गं

"मावशी, आमचा लॅब्रेडोर ब्रूनो तेरा वर्षांचा होऊन तीन महिन्यांपूर्वी गेला. घर खायला उठायचं म्हणून सोसायटीच्या पार्किंगमधली एक मांजर घरी आणली, साधारण दीड वर्षाची, नाव चिंगी. दीड महिना झाला. हाक मारली तर येत नाही, उचललं तर ओरबाडते, पोट कुरवाळायला गेलं तर शेपटी हलवता हलवता चावते. दिवसभर दिवाणाखाली आणि पहाटे पाचला सगळ्यांना उठवणार. सासूबाई प्रेमाने दूधभात घालतात, तोही पोटाला बाधतो. त्या म्हणतात मांजर घराची असते, माणसाची नसते. नवरा म्हणतो परत खाली सोडू. रात्री मी लॅपटॉपवर असते तेव्हा तेवढी खोलीत येते, पण बसते माझ्याकडे पाठ करून. हिला माझ्याबद्दल काही वाटतं तरी का?"
- ठाण्याहून एक वाचक

अगं बाळा, तुझं पत्र मी इथे छोटं करून दिलंय, पण पूर्ण पत्रात ब्रूनोबद्दल दोन पानं आहेत आणि चिंगीबद्दल अर्धं, आणि ते अर्धं पानसुद्धा "ब्रूनो असता तर" ने सुरू होतं. तीन महिने म्हणजे काहीच नाही गं. तेरा वर्षं जो तुझी चाहूल जिन्यातच ओळखायचा तो गेलाय, आणि तू दार उघडल्यावर अजून त्याचीच वाट बघतेस आणि समोर येत नाही ती चिंगी. त्यात तिचा काय दोष?

आपल्याकडे म्हणतात ना, मांजराचे पाय कुत्र्यावर आणि कुत्र्याचे पाय मांजरावर, तुझ्या घरात अगदी तेच चाललंय. ब्रूनो शेपटी हलवायचा तेव्हा खूश असायचा, चिंगी शेपटी जोरात हलवते किंवा आपटते तेव्हा ती सांगत असते की बास झालं आता. ब्रूनो उताणा पडला की पोट खाजवून मागायचा, मांजर पोट दाखवते ते इथे मला भीती नाही एवढंच सांगायला, हात लाव म्हणून नाही. म्हणजे चावण्याआधी ती तुला सांगतच होती, तू ते ब्रूनोच्या भाषेत वाचलंस.

हा फरक कुठून आला ते समजून घे म्हणजे राग राहणार नाही. कुत्रा आला लांडग्यांतून, कळपाने राहणारा, कळपाने शिकार करणारा, एकमेकांकडे बघून वागणारा. माणसाबरोबर तो किमान 15,000 वर्षं आहे आणि तेवढ्या काळात आपण त्याला राखणीला, शिकारीला, मेंढरांमागे नेऊन आपल्या शब्दाचा करून घेतला. इतकं की कुत्र्याच्या भुवईच्या आतल्या बाजूला एक स्नायू असतो ज्याने तो ते केविलवाणे डोळे करतो, लांडग्यांत तो स्नायू जवळजवळ नसतोच असं 2019 मध्ये संशोधकांनी दाखवलं. ब्रूनोचा चेहरा तुला वाचता यायचा कारण तो माणसाने वाचावा असाच घडत आलेला होता.

मांजर मात्र एकट्याने उंदीर मारणाऱ्या रानमांजरातून आली. साधारण 10,000 वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस धान्य साठवायला लागला, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे ती. तिला कुणी कामाला लावलं नाही, हाकेला ये म्हणून शिकवलं नाही. आमच्या चिपळूणच्या घरी मी लहानपणी हेच बघितलंय, मोती आईच्या पायापायात असायचा आणि मनी भाताच्या कणगीवर, पण आई आजारी पडली तेव्हा मनी तिच्या अंथरुणाच्या पायथ्याशी येऊन बसायची, न बोलावता. सायप्रस बेटावर 9,500 वर्षांपूर्वीची एक कबर सापडलीये, माणसाच्या शेजारीच मांजर पुरलेली, म्हणजे जीव तेव्हाही जडतच असणार.

आणि उचलल्यावर ओरबाडते त्याचं म्हणशील तर, एवढासा प्राणी स्वतः शिकारी असला तरी मोठ्या जनावरांची शिकारही होतो. वरून अचानक हात आला आणि पाय जमिनीवरून सुटले की तिच्या अंगाला एवढंच कळतं की आपण पकडले गेलो. ब्रूनोसारखं वरून कवटाळू नकोस. जमिनीवर बस, एक बोट तिच्या नाकाच्या उंचीला धर आणि थांब. आली आणि गाल घासला तर गालाला, हनुवटीखाली दोन-तीनदा खाजव आणि तूच आधी थांब, पुन्हा हवं असेल तर ती मागेल. आणखी एक कर, लांबूनच तिच्याकडे बघत डोळे हळूहळू बारीक कर आणि मीट. 2020 मध्ये ससेक्स विद्यापीठाच्या लोकांनी हे तपासून बघितलं, माणसाने असं केलं की मांजरीही तसेच डोळे मिटतात आणि जवळ यायला जास्त तयार असतात.

हाकेचं म्हणशील तर मांजरीला स्वतःचं नाव कळतं, जपानमध्ये यावरही काम झालंय, अनोळखी माणसाने घेतलं तरी कळतं. चिंगीचा कान तुझ्या हाकेला वळतो का ते बघ, वळत असेल तर तिने ऐकलंय. सासूबाईंना सांग की अमेरिकेत ऑरेगनमध्ये मांजरीच्या पिल्लांना मालकाबरोबर अनोळखी खोलीत ठेवलं, मालक दोन मिनिटं बाहेर गेला आणि परत आला, तर सुमारे 64 टक्के पिल्लं त्याला बघून निवांत झाली. माणसाच्या तान्ह्या बाळांतही प्रमाण साधारण एवढंच निघतं. नुसती घराची असती तर माणूस आला काय गेला काय, तिला काय फरक पडला असता?

दूधभात मात्र बंद करा, सासूबाईंना प्रेमाने सांग पण सांगच. बऱ्याच मोठ्या मांजरींना दूध पचत नाही, आणि मांजरीला मांस-मासे लागतातच, टॉरिन नावाचा घटक तिला त्यातूनच मिळतो, तो कमी पडला तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. घरात शिजवत नसाल तर मांजरीचंच तयार खाणं आणा, कुत्र्याचं उरलेलं नको. पहाटे आणि संध्याकाळी मांजरी जाग्याच असतात, म्हणून रात्री झोपायच्या आधी दोरी-बॉलने तिला दमव आणि मग खायला दे, पाचला उठून वाटी भरलीस की तिला पाचचीच सवय लागेल. बाल्कनीला जाळी, रेबीजची लस आणि नसबंदी राहिली असेल तर आधी ते. दिवसभर काहीच खाल्लं नाही किंवा मातीच्या ट्रेमध्ये बसून जोर करतेय असं दिसलं तर डॉक्टरकडे लगेच ने, मांजरी दुखणं लपवतात.

पार्किंगमध्ये सोडणं मला अजिबात मान्य नाही, नवऱ्याला माझं नाव घेऊन सांग. दीड महिना घरात राहिलेलं जनावर पुन्हा गाड्यांखाली? खरंच जमलं नाही तर नीट घर शोधून द्या, पण इतक्यात नाही, रस्त्यावरच्या मांजरीला काही महिने लागतातच.

आणि बाळा, ती रात्री पाठ करून बसते ना, तेच तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य. जिची भीती वाटते तिच्याकडे मांजर कधी पाठ करत नाही, डोळ्यात तेल घालून बघत राहते. दिवसभर दिवाणाखाली असणारी ती बरोबर तू एकटी असतेस तेव्हा येते, दाराकडे तोंड करून बसते आणि मागे तू आहेस हे तिला चालतं.

ब्रूनोचा पट्टा अजून खुंटीला आहे लिहिलंस, राहू दे. त्याच्यासाठी रडायला आलं तर रड, चिंगी खोलीत असली तरी. आणि महिन्याभराने मला लिही, ती लॅपटॉपच्या किती जवळ आली ते.

तुझी मावशी