एसटीएममध्ये (स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपमध्ये) अणू थेट दिसतात, मग पृष्ठभागावरचं डिफ्यूजन, म्हणजे अणूंचं इकडून तिकडे सरकणं, मोजायला हेलियम स्कॅटरिंग (हेलियमचा बीम आपटवून तो कसा विखुरतो ते पाहणं) कशाला? आणि त्यातून एनर्जी बॅरियर, म्हणजे शेजारच्या जागेवर उडी मारायला लागणारी ऊर्जा, कसा काढतात?

कारण एसटीएमची एक फ्रेम यायला निदान मिलिसेकंद लागतात आणि खोलीच्या तापमानाला तांब्यावरचा सोडियम पिकोसेकंदांच्या हिशोबात उड्या मारतो. एसटीएमसाठी नमुना इतका गार करावा लागतो की लांब उड्या आणि घर्षण, म्हणजे खरी गंमत, गोठून जाते.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतल्या स्पिन-एको यंत्रात (हेलियमच्या न्यूक्लियर स्पिनच्या दिशेवरून पृष्ठभागावरची हालचाल टिपणाऱ्या) हेलियम-३ चा बीम सुमारे ८ मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो. एवढ्याशा ऊर्जेने चिकटलेला अणू हलत नाही. हेलियम-४ ला न्यूक्लियर स्पिन नाही, म्हणून तो इथे चालत नाही. स्रोत आणि डिटेक्टरमधला कोन ४४.४ अंशांवर पक्का असतो. त्यामुळे नमुना स्पेक्युलरपासून (आरशासारख्या सरळ परावर्तनाच्या स्थितीपासून) ११ अंश फिरवला की डेल्टा-के (पृष्ठभागाच्या दिशेत वेव्ह-व्हेक्टरमध्ये होणारा बदल) सुमारे १.२ प्रति अँगस्ट्रॉम मिळतो. कॉइलमधला करंट बदलला की एको-टाइम, म्हणजे पृष्ठभागाकडे दोनदा पाहण्यातलं अंतर, बदलतो. त्याबरोबर पोलरायझेशन (बीममधले स्पिन किती एका दिशेत आहेत ते) ज्या दराने घटतं, तो अल्फा.

आता बॅरियर. एकाच डेल्टा-के वर चार तापमानं घ्यायची, अऱ्हेनियस रेषा (अल्फाचा लॉग विरुद्ध १/तापमान) मारायची आणि उताराला बॅरियर म्हणून मोकळं व्हायचं, हे बंद झालं पाहिजे. या मुद्द्यावर मी कायम भांडत आलोय. आधी अल्फा विरुद्ध डेल्टा-के काढा. तांबं (००१) वर, म्हणजे तांब्याच्या चौकोनी मांडणीच्या पृष्ठभागावर, शेजारच्या जागांतलं अंतर २.५५ अँगस्ट्रॉम. फक्त शेजारी उडी असेल तर त्या दिशेत साइन-वर्ग वक्र येतो: शिखर १.२३ ला, शून्य २.४६ ला. लहान डेल्टा-के लाच वक्र भराभर चढला तर लांब उड्या आहेत. आधी उंचवटा आणि मग खळगा दिसला तर अणू एकमेकांना ढकलताहेत. त्या खळग्यातून काढलेल्या उतारात हे ढकलणंही मिसळलेलं असतं.

फिटिंगमध्ये पहिले काही पिकोसेकंद सोडा, तिथे कंपनं असतात. पायऱ्या आणि दोषांमुळे शेवटी उरणारी स्थिर पातळी जबरदस्तीने शून्य धरली तर अल्फा कमी येतो.

कव्हरेज, म्हणजे पृष्ठभागाच्या दर अणूमागे किती रेणू बसलेत ते, स्पेक्युलर बीमच्या तीव्रतेवरून मोजा. कार्बन मोनॉक्साईडचा एक रेणू हेलियमच्या वाटेतली सुमारे १०० चौरस अँगस्ट्रॉम जागा अडवतो, म्हणजे तांबं (००१) वर साडेचार टक्क्यांच्या आसपासच स्पेक्युलर निम्म्यावर येतो. तापमान वाढलं की नुसत्या डिबाय-वॉलरनेही (पृष्ठभागाच्या अणूंच्या उष्ण कंपनांमुळे होणाऱ्या घटीनेही) तो पडतो. तेव्हा प्रत्येक मोजणीनंतर ठरावीक तापमानाला परत येऊन तपासा, नाहीतर रेणू उडून गेलेले कळतही नाहीत.

अर्थात उडीला मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागत असतील तर एसटीएमच योग्य, कारण एको-टाइमची मर्यादा काहीशे पिकोसेकंद आहे. आणि हायड्रोजन असेल तर टनेलिंगमुळे (अणू बॅरियर न ओलांडता त्यातून पलीकडे जाण्यामुळे) कमी तापमानाला अऱ्हेनियस रेषाच वाकते. तिथे एकच बॅरियर सांगू नका.