क्रोशेचे ससे, स्वतःची वेबसाइट आणि कॉलेज

प्रश्न: मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. क्रोशेचे ससे, बाहुल्या, छोट्या पर्स करते. इन्स्टाग्रामवर ऑर्डर येतात, पण मेसेजना उत्तरं देता देता रात्र होते. एक जण वेबसाइट बनवून द्यायला तयार आहे, डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) सगळं तोच बघणार, पण माझी सगळी बचत त्यात जाईल. एका सशाला साधारण 9 तास लागतात, रोज संध्याकाळी 2 तास मिळतात, रविवारी नाही. किंमत लोकरीच्या खर्चाच्या दुप्पट लावते. वेबसाइट झाली की कॉलेज सोडून हेच करावं असं वाटतंय. आईचा विरोध आहे. काय करू?

उत्तर: तुझं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचा सशाचा फोटो झूम करून बघितला. कान डोक्याला जिथे शिवलेत तिथले टाके इतके सारखे आलेत की हात बसलाय हे लगेच कळतं. त्यामुळे तुला हे जमेल का याची मला अजिबात शंका नाही. पण सुरुवात तू उलट्या टोकाने करतेयस असं वाटतं.

तूच दिलेले आकडे घेऊ. आठवड्याला 12 तास, एका सशाला 9. उद्या वेबसाइट सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी 10 सशांची ऑर्डर आली तर झाले 90 तास, म्हणजे साडेसात आठवडे, आणि मध्ये परीक्षा आली तर त्याहून जास्त. बरं यात कापूस भरणं, डोळे बसवणं, फोटो काढणं, पॅकिंग, कुरियरला नेऊन देणं हे तू धरलंयस का? मला वाटतं नाही. म्हणजे तुझ्याकडे कमी काय आहे तर तुझ्या हातांचे तास, गिऱ्हाईक नाही, आणि वेबसाइट कितीही भारी केलीस तरी ती तास वाढवून देणार नाही, ती फक्त आहेत ते तास नीट विकायला मदत करेल. म्हणून आधी एक वही कर आणि पुढचे तीन आठवडे प्रत्येक वस्तूपुढे वेळ लिही, सुई हातात घेतल्यापासून खोका बंद होईपर्यंत.

किमतीचंही तेच. लोकरीच्या खर्चाच्या दुप्पट लावते असं तू लिहिलंयस, म्हणजे लोकर महाग तर ससा महाग, आणि तुझ्या 9 तासांचा हिशोबच कुठे नाही. तासाचा एक दर ठरव, कमी का असेना पण ठरव, आणि त्यात सामान, पॅकिंग, पेमेंट गेटवेची, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेची टक्केवारी, एखादा पीस परत आला तर तो तोटा हे सगळं मिळव. आकडा मोठा वाटेल, घाबरू नको. कारखान्यातली मशीनं निटिंग करतात, खरं क्रोशे अजून हातानेच होतं, हे गिऱ्हाइकाला साध्या शब्दात सांगितलंस तर बऱ्याच जणांना पटतं.

आता वेबसाइट. ती हवीच, याबाबत मी तुझ्या बाजूने आहे. दुसऱ्याच्या बाजारात बसलं की नियम त्याचे. एट्सी 2005 पासून हस्तकलेचा ऑनलाइन बाजार आहे, पण 2022 च्या एप्रिलमध्ये त्यांनी विक्रीवरची फी 5 टक्क्यांवरून 6.5 टक्के केली, तेव्हा हजारो विक्रेत्यांनी विरोध केला, तरी वाढलेली फी तशीच राहिली. इन्स्टाग्रामचं अकाउंटही उद्या बंद पडलं तर गिऱ्हाइकांची यादी तुझ्या हातात नाही. स्वतःच्या साइटवर ईमेलची यादी तुझी असते. पण साइट केली म्हणून लोक आपोआप येत नाहीत हेही लक्षात ठेव, माणसं इन्स्टावरूनच येणार, साइटवर ती पैसे भरणार आणि रात्री मेसेजना उत्तरं देण्याचा तुझा त्रास वाचणार.

यासाठी बचत ओतायची गरज नाही. ऑनलाइन दुकान उभं करायचं तयार सॉफ्टवेअर मिळतं, त्यातल्या शॉपिफायची गोष्टच बघ, 2004 मध्ये टोबी लुटके आणि त्याच्या जोडीदाराला स्नोबोर्ड ऑनलाइन विकायचे होते, मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून स्वतः लिहिलं, आणि 2006 मध्ये तेच सॉफ्टवेअर इतरांसाठी खुलं केलं. ते काम झालेलं आहे, तू महिन्याचं भाडं भरून वापरू शकतेस, किंवा साइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर वूकॉमर्स हे दुकानाचं प्लगइन टाकू शकतेस, जे फुकट आहे पण होस्टिंगचा खर्च आणि अपडेटची कटकट तुझी. तुझ्यासारखीला मी आधी तयार भाड्याचंच सुचवेन.

आणि डोमेन कुठल्याही परिस्थितीत तुझ्या नावावर, तुझ्या ईमेलवर घे. हे मी कळकळीने सांगतोय. माझ्याकडे आलेल्या एका मुलीचं डोमेन साइट बनवणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं, दोन वर्षांनी त्याने फोन उचलणं बंद केलं, रिन्यूअल झालं नाही आणि तिने कार्डांवर, लेबलांवर छापलेला पत्ता गेला. हाताने केलेली कामं तशीच होती, पण जुन्या गिऱ्हाइकांना ती सापडेनाशी झाली.

सुरुवातीला फक्त पाच-सहा वस्तू ठेव. प्रत्येकीचे चार फोटो, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, त्यातला एक तळहातावर ठेवून म्हणजे आकार कळतो, आणि एक टाक्यांचा अगदी जवळून. खाली उंची सेंटिमीटरमध्ये, लोकर कुठली, धुवायची कशी, आणि 'ऑर्डरनंतर इतक्या आठवड्यांनी निघेल' हे ठळक. महिन्याला जितके ससे होतात तितकाच स्टॉक टाक, संपले की संपले.

शिपिंगवर मात्र नीट वेळ घालव. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणारी बेमार्ड इन्स्टिट्यूट वर्षानुवर्षं मोजतेय, ऑनलाइन कार्टमध्ये टाकलेल्या दहापैकी साधारण सात खरेद्या अर्धवट सुटतात आणि वरून लागणारा जास्तीचा खर्च हे त्याचं मोठं कारण. कुरियरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बरेच जण 5000 ने भागून किलो काढतात आणि ते किंवा खरं वजन, जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. 40 बाय 30 बाय 20 चा खोका म्हणजे 4.8 किलो, आत तुझा ससा जेमतेम पाव किलोचा! त्यामुळे सशाच्या मापाचा खोका आधी शोध, मग दर ठरव, आणि तो दर वस्तूच्या पानावरच दाखव, शेवटच्या पायरीवर नको.

दोन गोष्टी घाईत पण महत्त्वाच्या. फोटोत मागे जी प्रसिद्ध कार्टूनची बाहुली दिसतेय ती विकू नकोस, ते कॅरेक्टर दुसऱ्याच्या मालकीचं आहे, नोटीस येऊ शकते. आणि लहान मुलांसाठी म्हणून विकणार असशील तर खेळण्यांच्या सेफ्टीचे नियम बघ, अमेरिकेत 12 वर्षांपर्यंतच्या आणि युरोपात 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते लागू होतात, परदेशी ऑर्डर घेण्याआधी वाच. अगदी लहान बाळांसाठी प्लॅस्टिकच्या डोळ्यांऐवजी धाग्याने भरलेले डोळे कर.

कॉलेज सोडू नकोस. घाबरून म्हणत नाहीये. आत्ता तुझ्यावर घर चालवायचं ओझं नाही म्हणून तू योग्य किंमत लावून थांबू शकतेस, ऑर्डर नाही म्हणू शकतेस. पोटापाण्यासाठी विणायला लागलीस की पहिली कपात आपण आपल्याच तासांच्या दरात करतो, हे मी खूप जणांच्या बाबतीत पाहिलंय. शिवाय फोटो, वर्णन लिहिणं, हिशोब, गिऱ्हाइकाशी बोलणं हे सगळं तू या दीड-दोन वर्षांत शिकशील, आणि ई-कॉमर्स किंवा मार्केटिंगच्या नोकरीसाठी गेलीस तर चालू असलेलं दुकान दाखवता येतं. आईला विरोध सोड म्हणू नकोस, वही दाखव. तिची काळजी पैशांची आहे, तर तिच्यासमोर पैशांचेच आकडे ठेव.

त्या माणसाला सध्या नाही म्हण, डोमेन आजच बघून ठेव, आणि तीन आठवड्यांनी वहीतली पानं मला पाठव. सशाची किंमत आपण दोघं मिळून ठरवू.